रिकाम्या गाडीचं वजन

आठ वर्षं मी एकच ठोका विकला.
एकशे अठ्ठावीसचा, सरळ, फरशी हलवणारा.
हळदीला तोच, वरातीला तोच,
नगरसेवकाच्या वाढदिवसालाही तोच,
फक्त सुरुवातीचं नाव बदलून.
जालन्यात मला नावानं कोणी ओळखत नाही.
डीजेवाल्यांना गाणी बनवून देतो तो,
सिंधी बाजारामागं, झेरॉक्सच्या वर.

सुहासिनी दाभाडे एमआयडीसीत धर्मकाट्यावर बसते.
भंगार येतं, सळई होऊन जातं,
ती दोन्ही वेळा तोलते
आणि चुकलेल्या पावत्यांच्या पाठीवर लिहिते.
भावाच्या लग्नाचा पेनड्राइव्ह न्यायला आली,
उभ्यानं दोन गाणी ऐकली.
"पाय ठेवायला जागा नाही ह्यात," म्हणाली.
"मी शब्द कुठं बसवू? टपावर?"

मग उतरवत गेलो. एकशे दहा. शंभर.
चौऱ्याऐंशीला तिची मान हलली.
टाळ्या काढल्या. ती शिट्टी,
जिच्यावर माझं घर चालतं,
तीही काढली.
उरला एक ढोल आणि त्याच्यामागं पुष्कळशी हवा.
त्या हवेत ती बोलली:

भट्टीसमोर बाप माझा, भुवया जळून गेल्या
आरशात बघून म्हणतो, ह्या कोणी चोरून नेल्या
पगाराच्या दिवशी हसतो, दात मोजून सात
बाकीचे कुठं विचारू नको, लोखंडाची जात

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं.
तेही आलं रेकॉर्डिंगमध्ये. राहू दिलं.

डब मला कोणी शिकवला नाही.
गफूरचाचांकडं एको मशीन होतं,
ऑर्केस्ट्राच्या काळातलं, आत टेपचं वेटोळं.
"निवेदक एकदा म्हणायचा रसिकहो,
आन् हा डबा पाच बार.
पैसे एकाचेच."
रबर बदललं, हेड स्पिरिटनं पुसलं,
तिचं गाणं आत सोडलं
आणि एकेक खटका खाली ओढला.
बाप गेला. भट्टी गेली. दात गेले.
खाली फक्त बेस,
गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरशी जुळवलेला,
कारण रात्री दोनला ह्या शहरात
तेवढा एकच सुरात असतो.
आणि वर, कुठून तरी लांबून,
जात
जात
जात
दर फेरीला थोडी झिजायची,
पण जाईना.

सुहासिनीनं हेडफोन काढून ठेवला.
"माझं सगळं काढलंस
आणि नेमका हाच शब्द ठेवलास?"
लोखंडाची म्हणाली होतीस तू, मी म्हणालो.
"हो," ती म्हणाली. "लोखंडाचीच."
जिना उतरली. दोन दिवस फोन बंद.
मी वरातीची तीन गाणी केली, एकही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी टेबलावर काट्याची पावती.
भरलेलं, रिकामं, निव्वळ,
तिन्ही रकाने कोरे.
"गाडी आधी भरून येते, मग रिकामी.
रिकामीचं वजन मी कधी चुकवत नाही.
ते गाडीचं स्वतःचं असतं,
बाकी सगळा माल मालकाचा."
मग दारातून:
"पण ह्या गाडीतला माल माझा आहे.
खाली करताना विचारत जा."

गच्चीवर वाजवलं, अकरा माणसं.
कोणी नाचलं नाही. एकानं विचारलं, सुरू कधी होणार?
चौथ्या मिनिटाला लाइट गेली.
स्पीकर इन्व्हर्टरवर होते, डबा नव्हता.
टेप मंदावली,
तिचा आवाज खाली, आणखी खाली उतरत
पुरुषाचा झाला, मग थांबला.
ट्रान्सफॉर्मरही गप्प.

पाण्याच्या टाकीला टेकून तिचे वडील बसले होते,
ड्युटीवर जायच्या कपड्यात.
भुवया असायच्या तिथं त्यांनी हात फिरवला.
"हे शेवटचं," म्हणाले,
"हे माझ्यावाणी बोलायलंय."